लूमचा कोळसा आणि बारकूबायचं दूध

"कॉलेजात असता म्हणजे काय शिकवता?" हा प्रश्न लग्नकार्यात मला इतक्या जणींनी विचारला, की शेवटी मी एक ठरलेलं उत्तर तयार ठेवलं होतं. "शिकवत नाही, शिजवते." समोरच्या बाईला वाटायचं, ही कॅन्टीनमध्ये आहे. मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे, कारण तो निम्मा खराच होता. भिवंडीतल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते, आणि एवढी वर्षं मी जंतूंची खानावळ चालवली.

खानावळ म्हणजे अगदी खरी. जंतू वाढवायचे तर त्यांना जेवायला घालावं लागतं. मांसाचा अर्क, मीठ, आणि ते सगळं गोठून राहावं म्हणून आपल्या चायना ग्राससारखी पूड. हे पातेल्यात उकळायचं, प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात वाफवायचं आणि काचेच्या चपट्या बशांमध्ये ओतायचं. गार झालं की खरवसासारखं थुलथुलीत होतं. चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारी मी, रोज सकाळी साडेआठला मांसाचा अर्क ढवळत उभी असायचे. तो कशाचा अर्क आहे हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी खोलात जाऊन विचारलं नाही.

आमच्याकडे विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरची गिऱ्हाइकं जास्त मजेची असत. कॉलेजात तपासणी होते असं कुणीतरी सांगायचं आणि माणसं बाटल्या घेऊन हजर व्हायची. एकानं सासऱ्याच्या विहिरीचं पाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणलं, तेही बाटली न धुता. पाण्याचा नाही, पण खोकल्याचा अहवाल आम्ही चोख देऊ शकलो असतो. एक पाणीपुरीवाला "माझं पाणी शुद्ध आहे" असा दाखला मागायला आला. दोन दिवसांनी त्याला बशी दाखवली, तर तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि पुढच्या आठवड्यापासून वडापाव विकायला लागला.

यासीनभाई हेही असंच एक गिऱ्हाईक. त्यांचा साइझिंगचा कारखाना. कापड विणताना उभे धागे ते ताणा आणि आडवे ते बाणा. ताण्याच्या धाग्यावर लूमचा सगळा ताण येतो, म्हणून तो तुटू नये यासाठी त्याला आधी कांजी लावतात, तेच साइझिंग. यासीनभाई पहिल्यांदा आले ते नाकाला रुमाल लावून आणि हातात कांजीची बरणी घेऊन. "ताई, ये देखो. काल बनवलेली कांजी. आज कारखान्यात कुणी उभा राहत नाही." आम्ही तपासून बुरशी दाखवली, आमच्या विभागप्रमुख मॅडमनी कांजीत घालायला एक पूड सांगितली आणि वास गेला. तेव्हापासून दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा. घरातले नाकं मुरडायचे आणि वाटी मात्र चाटूनपुसून परत जायची.

आता मुद्द्याची एक गोष्ट समजावते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. बशीतल्या खरवसावर जंतू पसरून ठेवले की रात्रीतून त्यांची पांढुरकी साय धरते. त्या जंतूंवर, साय धरण्याआधीच, कागदाची एक टिकली पाण्यात बुडवून ठेवायची. पाणी साधं असेल तर साय टिकलीपर्यंत येते. पाण्यात जंतू मारणारं औषध, म्हणजे अँटिबायोटिक असेल, तर टिकलीभोवती एक स्वच्छ गोल उमटतो, तिथं काही उगवत नाही. तो गोल फुटपट्टीनं मोजायचा. गोल मोठा, औषध जास्त. एकतीस वर्षांत असे किती गोल मोजले असतील याचा हिशेब नाही, पण एकही मिलिमीटर कुणाच्या भिडेखातर कमी-जास्त लिहिला नाही, हा माझा तोरा.

पाण्यात औषध येतं कुठून? आपण गोळी घेतो, तिच्यातलं पुष्कळसं अंगातून तसंच बाहेर पडतं. दवाखान्यांचं सांडपाणी, कोंबड्यांची खुराडी, म्हशींचे गोठे, सगळीकडून ते थोडं थोडं वाहत येतं. उकळून ते सहजी जात नाही. आणि थोडं थोडं हेच वाईट. चोराला रोज एकच चापट मारली तर तो सुधारत नाही, निर्ढावतो. जंतूंचंही तसंच होतं. मग खऱ्या आजारात तीच गोळी पाण्यासारखी वाया जाते.

हे औषध पाण्यातून काढायचा उपाय कोळशात आहे. हवा न लागू देता जाळलेला, वाफेनं फुलवलेला कोळसा औषध शोषून धरतो. बाजारात तो महाग मिळतो. म्हणून आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी टाकाऊ वस्तूंपासून तसा कोळसा करायचा प्रकल्प घ्यायचा. नारळाच्या करवंट्या, भाताचा तूस, चहाचा चोथा. आणि भिवंडीत ज्याचे डोंगर सापडतात ते लूमचं वेस्ट, सुताचे तुकडे. कोळसा व्हायचा, गोल नाहीसा व्हायचा, चांगले गुण पडायचे, पेढे वाटले जायचे आणि जाडजूड प्रबंध कपाटात जायचा. ते कपाट झाडायचं काम माझं होतं. एवढी वर्षं त्यातला एक चमचा कोळसा कॉलेजच्या फाटकाबाहेर गेला नव्हता. मॅडमना मी एकदा म्हटलंही, "हे कुणाला द्यायचं कधी?" त्या म्हणाल्या, "आपलं काम सिद्ध करण्यापर्यंत." मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मे महिना, कॉलेजला सुट्टी, मॅडम गावाला, प्रयोगशाळेत मी आणि माझी पातेली. त्याच दिवसांत घरी दही लागेना. पहिल्या दिवशी मी विरजणाला दोष दिला, दुसऱ्या दिवशी पंख्याला आणि तिसऱ्या दिवशी, खोटं कशाला सांगू, सुनेच्या हाताला. ती बिचारी म्हणाली, "आई, तुम्ही लावा." मी लावलं. सकाळी पातेल्यात कोमट दूधच होतं.

मग माझी ट्यूब पेटली. विरजण म्हणजे तरी काय, जिवंत जंतूच. दुधात औषध असेल तर ते विरजणाला मारणार. मी दूध कॉलेजात नेलं, बशी लावली, आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती अठरा मिलिमीटरचा स्वच्छ, वाटोळा गोल.

दूध बारकूबायचं होतं. ही जवळच्या दिघाशी गावची. पाच म्हशी, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. रोज सकाळी टेम्पोतून दोन कॅन घेऊन यायची आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तिचे अकरा रतीब होते. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ती तळमजल्यावरून उठवायची. लहानथोर सगळ्यांना ती अरे-तुरे करते, त्यात अपमान नसतो. मी तिला अहो-जाहो करते आणि ती मला अगं-तुगं, असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता.

मी काय करायला हवं होतं? तिला विचारायला हवं होतं. ते न करता मी संध्याकाळी जिन्यात उभी राहिले आणि चार बायकांना सांगितलं, "बारकूबाय औषध टोचलेल्या म्हशीचं दूध विकते. मी स्वतः तपासलंय." गोल दुधात औषध आहे एवढंच सांगत होता. ते कुठून आलं हे तो सांगत नव्हता, ते मी माझ्या पदरचं घातलं. त्या दिवशी शास्त्र माझ्या डोक्यात गेलं होतं. चार दिवसांत अकरातले दहा रतीब बंद झाले. अकरावा माझा होता, तो मी चालू ठेवला, कारण मला रोज तपासायला दूध हवं होतं.

पाचव्या दिवशी बारकूबाय माझ्या दारात उभी राहिली. ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"तू सांगलास सगल्यांना, बारकू दवाचा दूध इकते म्हनून?"

मी म्हटलं, "दुधात औषध आहे, बारकूबाय. मी पाहिलंय."

"एका म्हशीला सुई दिली, व्हय. काशेला सूज हाय तिच्या. पर तिचा दूध मी कॅनात घालत न्हाय. डाक्टर बोलला पाच दिस इकू नको, मी आठ दिस इकत न्हाय. गटारात वततंय. धा-धा लिटर दूध गटारात वततंय मी, आन तू मना चोर बोलतेस? चल माज्या गोठ्यात. तुज्या डोल्यानं बघ."

गेले. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. कॉलेजातून उकळलेल्या काचेच्या नळ्या घेतल्या आणि रिक्षानं दिघाशी गाठली. बारकूबायनं एकेका म्हशीखाली बसून माझ्यासमोर थेट नळीत धार काढली. आजारी म्हशीची तर वेगळी बादली होती, तिला लाल चिंधी बांधलेली. ती बादली तिनं माझ्यादेखत गटारात ओतली. दहा लिटर घट्ट पांढरं दूध गटारातून जाताना बघवत नव्हतं.

गटार कुठं जातं ते बघायची माझी सवय. गोठ्याच्या भिंतीला लागून ते विहिरीपाशी आलं, आणि विहिरीच्या कठड्याला तिथंच एक तडा गेलेला. मे महिना, विहिरीत गुडघाभर पाणी. तड्याखालचा दगड पांढुरका झालेला. मी पोहरा टाकून पाणी काढलं आणि त्याचीही नळी भरली.

दुसऱ्या दिवशी बशा बोलल्या. चार निरोगी म्हशींचं दूध स्वच्छ. विहिरीच्या पाण्याला बावीस मिलिमीटरचा भलामोठा गोल. आणि कॅनमधून माझ्या घरी आलेल्या दुधाला गोल. म्हशीचा सड आणि कॅन यांच्यामध्ये कुठंतरी विहीर दुधात शिरत होती. कॅन धुताना राहिलेले थेंब? तेही करून पाहिलं. आमचं पातेलं त्या पाण्यानं विसळलं, निथळलं, पिशवीचं दूध ओतलं आणि टिकली लावली. केसाएवढी रेघ आली, बाकी काही नाही. थेंबांनी अठरा मिलिमीटर होत नाहीत. त्याला तांब्याच लागतो.

सकाळी बारकूबाय आली. मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बारकूबाय, पाणी किती घालता?"

तिनं कपबशी खाली ठेवली.

"पाच लिटरला एक तांब्या. उन्हाल्यात दोन."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमी भाव वाढवून देत न्हाय, मी पानी घालतंय. बरोबर झाला. सगलीच घालतात. आमच्या सासूनं घातला, तिच्या सासूनं घातला. पानी काय इख हाय? मना काय म्हाईत त्या गटाराचा दवा हिरीत जाईल म्हनून?" मग आवाज खाली आला. "दवाची बोलनी खाल्ली मी. पन पान्याचा नाव कुनाकडं काडू नको, ताई. दवा चुकीनं झाला म्हनतील. पानी चुकीनं न्हाय होत."

मी शब्द दिला. देताना माझ्या लक्षात आलं की आता मी चांगलीच अडकले. तिच्यावरचा आळ मी घातलेला. तो काढायचा तर औषध दुधात कसं आलं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की तिचं पाणी उघडं पडणार. कागदाच्या टिकलीनं एवढा गुंता होतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी एक गोष्ट हातात होती. पाणी तर स्वच्छ करता येत होतं. ती पाणी घालणं काही बंद करणार नव्हती, आणि केलं असतं तरी म्हशी तेच पाणी पीत होत्या, ती स्वतः तेच पीत होती. मी कपाट उघडलं, पाच-सहा प्रबंध काढले आणि यासीनभाईंना फोन लावला.

"सुती वेस्ट हवंय. पॉलिस्टर अजिबात नको, ते वितळतं. आणि तुमचा बॉयलर हवाय."

"काय करणार ताई?"

"कोळसा."

यासीनभाई हसायला लागले. "लोक सोन्याचा धूर काढतात, तुम्ही सुताचा काढा. आओ, बोरा भरून ठेवतो."

पत्र्याचे घट्ट झाकणाचे डबे, झाकणाला खिळ्यानं एक भोक, आत ठासून भरलेले सुताचे तुकडे. बॉयलरच्या भट्टीत ते डबे ठेवायचे, आणि मग वाफेची नळी सोडायची. बॉयलरवरचा माणूस मला वेडी समजत होता, पण यासीनभाईंच्या धाकानं गप्प होता. दोन दिवसांनी काळा, हलका, बोटाला लागणारा सुंदर कोळसा निघाला. मी तो विहिरीच्या पाण्यात ढवळला, गाळला, टिकली लावली आणि निवांत झोपले.

सकाळी बशीत सव्वीस मिलिमीटरचा गोल होता. पाणी गाळून औषध वाढलं होतं!

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःवर वेळ आली तर हे. प्रबंध पुन्हा वाचले, बशा पुन्हा लावल्या, सव्वीसाचे पंचवीस झाले एवढंच. शेवटी नाइलाजानं यासीनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी तुम्हाला तान्याचं सूत दिलं. कांजीवालं. त्या कांजीत तुमचीच दवा आहे ना, बुरशीची!"

मी कपाळावर हात मारला. ती पूड आम्हीच सांगितली होती. तिच्यात धातूचा क्षार, तो काही जळून जात नाही, कोळशातच बसतो आणि पाण्यात उतरून जंतू मारतो. एवढी वर्षं ईदचा शीरखुर्मा ज्या पुडीच्या जोरावर खाल्ला, ती पूडच मी विसरले होते. विद्यार्थी बरोबर बाण्याचं, बिनकांजीचं सूत घ्यायचे. प्रबंधात ते लिहिलेलंही होतं, पहिल्याच पानांवर, जी मी वगळून पुढे गेले होते.

यासीनभाईंनी दुसरं पोतं भरून दिलं, या वेळी स्वतः उभं राहून, बाण्याच्या सुताचं. मी कोळसा सात पाणी धुतला. बशीत साय थेट टिकलीपर्यंत आली. गोल नाही. मी फुटपट्टी हातात घेऊन उगाचच उभी राहिले, मोजायला काहीच नव्हतं. इतका आनंद मला पगारवाढीचा झाला नव्हता.

अंजूरच्या एका गोदामातून लोणच्याचा रिकामा ड्रम मिळाला. रसायनाचे निळे ड्रम तिथं ढिगानं पडलेले असतात, पण ते मी घेऊ दिले नाहीत. खाली खडी, वर रेती, मग कोळशाचा जाड थर, त्यावर मांजरपाट, आणि तळाशी तोटी. सगळा संसार टाकाऊ. तो घेऊन आम्ही दिघाशीला गेलो. यासीनभाईंनी टेम्पो दिला आणि स्वतःही आले. आधी विहिरीचा तडा सिमेंटनं बुजवला. आजारी म्हशीच्या दुधासाठी विहिरीपासून लांब, उताराच्या अंगाला खड्डा खणला, त्यातही कोळसा घातला. वापरलेला कोळसा मात्र कुठंही टाकायचा नाही, हे मी बारकूबायला तीनदा बजावलं. औषध नाहीसं होत नाही, पाण्यातून कोळशात जातं, एवढंच. तो पोत्यात भरून ठेवायचा आणि यासीनभाईंच्या बॉयलरमध्ये जाळायचा. यासीनभाई म्हणाले, "सूत माझं, राख पण माझी. चालेल."

हे सगळं चाललं असताना माझं लक्ष गोठ्याकडे गेलं. खुंटे पाच, म्हशी चार.

"पाचवी कुठंय?"

"इकली," बारकूबाय ड्रमच्या तोटीशी खटपट करत म्हणाली.

"आजारी होती म्हणून?"

"बरी झालेली. रतीब न्हायत, तर पेंड कशानं आनू?"

मी मांजरपाटाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

पुढचे आठ दिवस मी रोज दूध तपासलं. एकदाही गोल आला नाही. दही कवडीसारखं लागलं. मग एका रविवारी सकाळी मी जिन्यातल्या स्टुलावर दोन वाट्या ठेवल्या आणि सगळ्या बायकांना बोलावलं. दोन्हींत तेच दूध, तेच विरजण. एकीत विहिरीचं जुनं पाणी घातलेलं, एकीत ड्रममधून गाळलेलं. एका वाटीत दूध हलत होतं, दुसरीत दही घट्ट. बारकूबाय कॅन घेऊन खालच्या पायरीवर उभी होती.

मी म्हटलं, "चूक माझी होती. बारकूबाय टोचलेल्या म्हशीचं दूध विकत नव्हती. ते ती फेकून देत होती. ते गटारातून विहिरीत गेलं. आता विहिरीचा तडा बुजवलाय, पाणी गाळून घेतो. मी न विचारता बोलले, त्याची मला लाज वाटते."

बायका वाट्या बघत होत्या. आमच्या समोरच्या काकू मात्र वाटीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. त्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांनी विचारलं, "ते ठीक आहे. पण विहिरीचं पाणी दुधात आलं कसं?"

मी शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "कॅन धुताना थोडं..."

"धुताना न्हाय," खालून आवाज आला. "मी घालतंय. पाच लिटरला तांब्या, उन्हाल्यात दोन."

सगळ्या वळल्या. बारकूबायनं कॅन खाली ठेवला आणि दोन पायऱ्या वर आली.

"ती माज्यासाठी खोटा बोलते. तिच्या तोंडाला खोटा शोभत न्हाय. सगला आयुष्य मोजून बोलली ती. मी पानी घालतंय. आतापन घालतंय, पर गाललेला. ज्याला नको, त्यानं घेऊ नको."

तीस वर्षं बशीतला एकही आकडा मी फिरवला नव्हता, आणि आयुष्यातली पहिली खोटी नोंद मी भर जिन्यात, तोंडानं करत होते. ती दूधवालीनं अडवली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

पहिल्यांदा काकू हलल्या. आत गेल्या, पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यापुढं उन्हाळ्यातही एकच तांब्या ना? मग अर्धा लिटर घाल." दोघी-तिघी हसल्या. मग इतर जणी आपापल्या घरात गेल्या, काही पातेलं घेऊन परतल्या, काही नाहीच आल्या. त्या दिवशी सहा रतीब परत लागले, पुढं आणखी एक. तीन आजही पिशवीचं दूध घेतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

मी निवृत्त झाले. दिघाशीत आणखी दोन गोठ्यांवर लोणच्याचे ड्रम बसले आहेत, त्यातला एक यासीनभाईंनी स्वतः बसवला आणि मला फोनवरून बोलावून दाखवला. नव्या मॅडम विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी तिथं पाठवतात. कपाट अजून भरतंच आहे, पण त्यातले प्रबंध आता लोक काढून नेतात, हे ऐकून बरं वाटतं.

बारकूबाय रोज येते. त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी तिला दारात थांबवलं. म्हशीचं माझ्या मनातून जात नव्हतं. मी म्हटलं, "बारकूबाय, सगळी चूक माझीच होती."

तिनं माझ्या पातेल्यात दूध ओतलं, वर नेहमीचं थोडं जास्तीचं घातलं, आणि कॅनचं झाकण लावता लावता म्हणाली,

"सगली कशाला? पानी माजा, तोंड तुजा. चूक दोगींची. म्हस तेवडी माजी गेली."